मागे कोण होतं?

"तू नको… तू आत जा!"

मालकांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्यांच्या बायकोला, थोरलीला, बरं वाटलं असतं, कारण रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, रुसता येतं, निदान दाराआड जाऊन मनसोक्त रडता तरी येतं. पण हा आवाज इतका कोरडा, इतका परका होता, की गाडीच्या मागे येऊन उभी राहिलेली थोरली ओले हात तसेच धरून जागच्या जागी थिजली. अंगणात धुणारे होते, इस्त्रीवाले होते, चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळ्यांनी आपण ऐकलंच नाही असं दाखवलं.

मालक काठी टेकत टेकत पुढे आले. "तू ये रे," त्यांनी एका इस्त्रीवाल्याला हाक मारली. "तू उभा राहा मागे." तो बिचारा खाली मान घालून आला, त्यानं रस्ता दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तो ओरडला, "येऊ दे… येऊ दे!" चादरींच्या गाठोड्यांनी छतापर्यंत भरलेली लाँड्रीची पांढरी गाडी हळूहळू मागे सरकत फाटकाबाहेर पडली.

वरच्या गॅलरीतून धाकटी जाऊ हे सगळं बघत होती. असल्या वेळी ती गप्प बसली असती तर ती धाकटी कसली! "बरोबरच आहे भावजींचं," ती वरूनच म्हणाली, अंगणाला ऐकू जाईल अशा बेतानं. "एक पाय गेला तेवढा पुरे झाला की! दुसराही घालवायचाय का ताईंना?"

थोरलीनं मान वर केली नाही. तिनं शब्द गिळला. गेलं वर्षभर ती असे शब्द गिळत होती, आणि माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात ते साफ खोटं आहे, कारण प्रत्येक शब्द तिच्या अंतःकरणाला पहिल्या शब्दाइतकाच लागत होता.

हे घर लाँड्रीचं. खाली धुलाई आणि इस्त्री, वर राहणं. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, सगळं गाठोड्यांत बांधून गाडीतून न्यायचं आणि गाडीतूनच आणायचं. गाडी भरली की चालवणाऱ्याला मागचं काहीही दिसत नसे, म्हणून मालकांच्या वडिलांनी एक शिस्त घालून दिली होती. गाडीच्या मागे कुणीतरी उभं राहून 'येऊ दे' म्हणेपर्यंत चाक हलवायचं नाही. मग गिऱ्हाईक खोळंबो नाहीतर घराला आग लागो! आणि वर्षानुवर्षं हे 'येऊ दे' म्हणण्याचं काम थोरलीकडे होतं. तिच्या आवाजावर मालक डोळे मिटून गाडी मागे घेत.

मग त्यांच्या पुतणीला लायसन मिळालं.

पुतणी म्हणजे धाकटीची मुलगी. पाय जमिनीला म्हणून टेकायचे नाहीत, त्यामुळे लहानपणापासून तिचं नाव भिंगरीच पडलं होतं. तिचे वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणार. आई दिवसभर लाँड्रीच्या गल्ल्यावर. आणि थोरलीची कूस काही उजवली नव्हती… त्यामुळे भिंगरीला न्हाऊमाखू घालण्यापासून तापात तिच्या उशाशी बसण्यापर्यंत सगळं थोरलीनं केलं होतं. जन्म एकीनं दिला, पण 'मोठी आई' ही हाक थोरलीच्या वाट्याला आली, आणि त्या दोन शब्दांवर तिनं आपल्या आयुष्यातली सगळी उणीव भरून काढली होती.

लायसन मिळालं त्याच आठवड्यात, भर दुपारी, भिंगरीनं भरलेली गाडी फाटकाबाहेर काढायला घेतली. कोपऱ्यावर मैत्रिणी उभ्या होत्या, त्यांना दाखवायचं होतं ना! मागे कुणी उभं आहे का, हे तिनं पाहिलं नाही. कुणाची हाक येण्याचीही तिनं वाट पाहिली नाही. आणि मागे मालक होते. घसरून पडलेलं एक गाठोडं उचलायला ते खाली वाकले होते. थोरली इस्त्रीच्या खोलीच्या दारात उभी होती, हातावर चादरींची थप्पी. तिनं "थांब!" म्हणून किंकाळी फोडली… पण तोवर मालकांचा पाय गाडी आणि फाटकाच्या खांबामध्ये सापडला होता.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात धाकटीनं मुलीचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. "कुणाला विचारून मागे घेतलीस? बोल! मागे कोण होतं?"

भिंगरीच्या ओठांना रंग नव्हता. ती थोरलीकडे बघत होती, लहानपणी काही फुटलं की बघायची तसं. त्या नजरेनं थोरलीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. या पोरीनं जन्मभर 'मी काकांना अधू केलं' हे ओझं वागवायचं? या कोवळ्या वयात? तिनं क्षणाचाही विचार केला नाही.

"मी होते," थोरली म्हणाली. "मीच म्हटलं, येऊ दे. माझं लक्ष नव्हतं… चूक माझी आहे."

झालं! एवढ्या एका वाक्यानं सगळी अपराधाची गाठोडी भिंगरीच्या खांद्यावरून उतरून थोरलीच्या खांद्यावर आली. मालक काठी घेऊन घरी आले, पण थोरलीशी ते कामापुरतं बोलू लागले. जखमी पायाला तेल चोळून देऊ का, असं तिनं विचारलं की "मी करतो," म्हणून बाटली हातातून काढून घेऊ लागले. तिनं मनाशी म्हटलं, असू दे… माझी पोर तर हसतेय ना!

"मोठी आई, येतेस ना?" फाटकाबाहेर निघालेल्या त्या पांढऱ्या गाडीतून भिंगरी हॉर्न वाजवत होती. चादरींवरचे डाग नीट निघत नाहीत अशी हॉस्पिटलच्या मोठ्या नर्सबाईंची तक्रार होती आणि ती मिटवायला थोरलीला आज सोबत जायचं होतं. ती डोळे पुसून गाडीत बसली.

पहिलं वळण घेण्याआधीच थोरलीनं दाराची मूठ घट्ट पकडली. भिंगरीचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा मांडीवरच्या फोनवर. फोन सारखा किणकिणत होता. येत्या रविवारी पाच मैत्रिणींना गाडीत घालून समुद्रावर जायचा बेत ठरत होता, आणि तो बहुधा याच रस्त्यावर, याच क्षणी ठरणं अत्यंत आवश्यक होतं! पुढच्या टेम्पोच्या अंगावर जाईपर्यंत ती वेग कमी करत नव्हती आणि मग करकचून ब्रेक दाबत होती. इकडे थोरलीचा पाय आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबून दाबून दुखायला लागला होता.

"अगं, जरा हळू…"

"हळूच तर आहे!"

शाळेपाशी एक बस थांबली होती. भिंगरीनं फोनकडे एक नजर टाकली, बसला वळसा घातला, आणि बसच्या पुढून दप्तर पाठीला लावलेली एक छोटी मुलगी धावत रस्त्यावर आली.

ब्रेक किंचाळला. मागची गाठोडी धाडकन पुढे आदळली. गाडी थांबली तेव्हा ती मुलगी पुढच्या काचेसमोर इतकी जवळ उभी होती, की तिच्या वेणीची सुटलेली रिबीन थोरलीला स्पष्ट दिसली. कुणीतरी बाई धावत आली आणि तिनं मुलीला छातीशी ओढून घेतलं. मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

भिंगरीचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तिनं गाडी पुढे काढली आणि ती हसली. "बाई गं! लागलं तर नाही ना?"

"फोन ठेव आधी!" थोरलीचा आवाज चिरकला. "बस उभी दिसली की आपण वेग कमी करायचा गं. बसच्या पुढून कोण येईल ते आपल्याला दिसत नसतं…"

"हे बघ मोठी आई, तू मला शिकवू नकोस हं!" भिंगरी एकदम उसळली. भ्यायलेलं माणूस असंच उसळतं, पण ते बोलणाऱ्याला कुठे कळतं! "काकांचा पाय कुणामुळे गेला? मी तुझंच ऐकलं होतं ना? तू म्हणालीस येऊ दे, म्हणून मी घेतली मागे. माझी काय चूक होती?"

थोरलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत तिला खोटेपणा शोधायचा होता… कुठेतरी शरम, कुठेतरी एखादी लपवाछपवी. काहीही नव्हतं! पोरीचा खरोखरच त्यावर विश्वास बसला होता. मोठ्या आईनं प्रेमापोटी हातात दिलेलं खोटं तिनं इतकं घट्ट धरलं होतं, की तिच्यापुरतं तेच खरं झालं होतं.

परतीच्या वाटेवर थोरलीच्या डोळ्यांपुढून ती सुटलेली रिबीन हलेना. वर्षभर तिला वाटत होतं, आपण या लेकराला वाचवलं. कशातून वाचवलं? चुकीतून नव्हे, चुकीच्या जाणिवेतून! जिनं त्या दिवशी मागे न बघता गाडी सोडली, ती आजही न बघताच गाडी चालवत होती, कारण तिला बघायला लावणारी एकुलती एक वेदना थोरलीनंच तिच्याकडून काढून घेतली होती. आणि येत्या रविवारी पाच घरच्या पाच मुली हिच्या गाडीत बसणार होत्या…

खरं सांगायलाच हवं होतं. पण सांगितलं तर? जिच्या 'मोठी आई' या हाकेवर आपण जगलो, तीच कायमची तुटली तर? मालकांचं प्रेम गेलं ते तिनं सोसलं होतं, लोकांची बोलणी सोसली होती. त्या सगळ्या अंधारात पोरीची माया एवढाच एक दिवा उरला होता. तो स्वतःच्या हातानं विझवायचा होता!

शनिवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना भिंगरीनं हात पुढे केला. "काका, किल्ली द्या ना. उद्या सकाळी लवकर निघायचंय."

मालकांनी खिशातून किल्ली काढली. "जा. पण सांभाळून."

"किल्ली देऊ नका," थोरली म्हणाली.

भिंगरीनं चमकून पाहिलं, आणि धाकटीच्या अंगाचा तर तिळपापड झाला. "का म्हणून? का देऊ नये? स्वतः चूक केलीत, ती सगळ्यांनी पोटात घातली, आता पोरीचा आनंद बघवत नाही होय तुम्हाला?"

"चूक मी केली नव्हती." थोरलीनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "त्या दिवशी गाडीच्या मागे मी नव्हतेच. मी इस्त्रीच्या खोलीच्या दारात होते. मी 'येऊ दे' म्हटलं नाही… कुणीच म्हटलं नव्हतं. भिंगरीनं आपणहूनच गाडी मागे घेतली."

"खोटं!" भिंगरी खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. "खोटं बोलतेय ती! मी ऐकलं होतं! मी… मला आठवतंय!"

"बाळा, तुला तसं आठवावं म्हणूनच मी बोलले गं तेव्हा. माझं चुकलं. मला वाटलं, मी तुला जपतेय. पण परवा ती शाळेतली पोर तुझ्या गाडीपुढे आली, आणि मला कळलं की मी तुला काय करून ठेवलंय…"

"शोभतं का हे ताई तुम्हाला?" धाकटी कडाडली. "वर्षभरानंतर आठवलं? स्वतःच्या अंगावरचं झटकायला माझ्याच पोरीचा बळी मिळाला? तरी म्हटलं, पोटचं नसलं की असंच! बघा भावजी, बघा तुमच्या बायकोची…"

"ती खरं बोलतेय."

मालक हे इतक्या हळू म्हणाले, की धाकटीचं वाक्य आपोआपच अर्ध्यावर तुटलं.

"मला त्याच दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले. "अगं, गाडीच्या मागे मी होतो. हिनं 'येऊ दे' म्हटलं असतं, तर ते मला ऐकू आलं नसतं का? ऐकू आलं असतं तर मी बाजूला झालो नसतो का?"

इतकी साधी गोष्ट! आणि वर्षभरात या घरातल्या एकाही शहाण्या माणसाच्या ती डोक्यात आली नव्हती. 'येऊ दे' ही हाक जितकी गाडी चालवणाऱ्यासाठी, तितकीच ती मागे असलेल्यासाठी! ती झाली असती तर पाय शाबूत राहिला असता, आणि पाय शाबूत राहिला नाही याचा अर्थ ती झालीच नव्हती. भिंगरीनं काकांकडे पाहिलं, मग त्यांच्या खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे पाहिलं, आणि तोंडावर हात दाबून ती आपल्या खोलीत पळाली.

"तुम्हाला… तुम्हाला माहीत होतं?" थोरलीच्या तोंडून कसेबसे शब्द उमटले. "मग वर्षभर मला अशी शिक्षा का दिलीत?"

मालकांचे डोळे भरून आले. लाँड्रीतल्या जुन्या माणसांनीही त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"शिक्षा? अगं, मी वाट बघत होतो! आज सांगेल, उद्या सांगेल… तू पोरीला जगापासून वाचवलंस, बरं केलंस. पण माझ्यापासूनही वाचवलंस? मी काय तिला खाणार होतो? तिला मी या खांद्यावर खेळवली नाही? एवढ्या वर्षांच्या संसारात तू मला इतकंच ओळखलंस, की हा माणूस एका पायासाठी पोरीला क्षमा करणार नाही!" त्यांनी काठी जवळ ओढली. "तू गाडीच्या मागे उभी राहिलीस ना, की मला तेच खोटं पुन्हा ऐकू यायचं. म्हणून तुला आत पाठवत होतो. पाय दुखत होता, पण त्याच्याहून जास्त हे दुखत होतं."

थोरलीला वाटलं, आपलं हृदय विदीर्ण होईल. तिनं पुतणीसाठी नवऱ्याचं प्रेम गमावलं असं तिला वाटत होतं. पण गमावला होता तो त्याच्यावरचा विश्वास, आणि तोही तिनंच! ती टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली.

"रडू नकोस," मालक म्हणाले. "माझंही चुकलंच. तू बोललीस ते खोटं, आणि मी गप्प राहिलो तेही खोटंच. आपण मानापमान करत बसलो, आणि आपल्या दोघांच्या मधे ती पोर डोळ्यांवर पट्टी बांधून गाडी चालवत राहिली." मग त्यांनी किल्ली उचलून परत खिशात टाकली आणि उठता उठता, वर्षभरात प्रथमच, ते म्हणाले, "चल… तेलाची बाटली आण. पाय फार ठणकतोय आज."

रविवारी मैत्रिणी बसनं समुद्रावर गेल्या. भिंगरी खोलीबाहेर आली नाही.

सोमवारी ती आली आणि न बोलता घड्या घालायच्या टेबलापाशी उभी राहिली. गाडीकडे तिनं पाहिलं नाही, थोरलीकडे तर नाहीच नाही. चादरीची दोन टोकं एकीनं धरायची आणि दोन दुसरीनं, तशा त्या दोघी समोरासमोर उभ्या राहून मग रोज दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या. प्रत्येक घडीला दोघींचे हात एकमेकींना लागायचे, आणि तरी भिंगरीची नजर वर उठायची नाही. हाक तुटली होती. थोरलीनं ते आधीच गृहीत धरलं होतं, पण गृहीत धरलेलं दुःखही प्रत्यक्ष आलं की नव्यानं लागतंच.

आली ती धाकटी. एका सकाळी चहाचा कप थोरलीसमोर ठेवून ती तशीच उभी राहिली. फाडफाड बोलणारी ती बाई, पण आज तिला सुरुवात सापडत नव्हती.

"ताई… मी तुम्हाला काय नाही नाही ते बोलले. पोटचं नसलं की असंच, म्हणाले. अहो, पोटची आई मी, आणि पोरीला काय झालंय हे मला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं!" आणि ती थोरलीच्या गळ्यात पडून इतकी रडली, की चहा थंड होऊन गेला आणि मग दोघींना नव्यानं करावा लागला.

भिंगरीला पुन्हा गाडीत बसवलं ते मालकांनी. "मी नाही चालवणार," ती म्हणाली. "मला भीती वाटते काका."

"वाटू दे की! आतापर्यंत वाटत नव्हती, हाच तर घोळ होता. चल, बस."

गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर दुपार दुपार दोघं गाडी फिरवू लागले. फोन आधी बंद व्हायचा आणि मालकांच्या खिशात जायचा. पट्टा, आरसे, सीट, सगळं गाडी सुरू करण्याआधी. चालत्या गाडीत सीट पुढेमागे करणाऱ्यांविषयी मालकांची मतं इथे लिहिण्याजोगी नाहीत. आणि मग तिनं जे दिसेल ते मोठ्यानं बोलत गाडी चालवायची. "डावीकडे सायकलवाला… तो मागे बघत नाहीये… मी हळू करते… पुढे उभी गाडी, तिची चाकं वळलेली आहेत, म्हणजे ती निघणार…"

"आणि तो ट्रक?"

"ट्रकच्या खाली बघते… पाय दिसतायत. पलीकडे माणूस आहे!"

"शाब्बास. आता पुढच्या गाडीपासून लांब राहा. तो काही तुझा सोयरा नाही, इतकं चिकटायला."

मागून कुणी हॉर्न वाजवला की भिंगरी घाबरून वेग वाढवायची. मालक म्हणायचे, "वाजवू दे. त्याला पुढे जायचंय, जाऊ दे त्याला. तुला कुणाशी शर्यत लावायचीय?" दोघं घरी येत तेव्हा भिंगरीचा घसा बसलेला असे. पण हळूहळू तिच्या बोलण्यात, तिच्या बघण्यात काहीतरी बदलू लागलं होतं. रस्ता ओलांडणारं म्हातारं माणूस दिसलं की ती थांबायची, आणि ते पलीकडे पोचेपर्यंत हातानं "सावकाश, सावकाश" म्हणायची. थोरलीला हे सगळं मालक सांगायचे, पायाला तेल लावून घेता घेता. ती ऐकायची, हसायची, आणि मान खाली घालून तेल चोळत राहायची.

पुढे एकदा हॉस्पिटलला चादरी पोचवायला मालकांसोबत थोरलीलाही जावं लागलं. नर्सबाईंचं समाधान तिच्याशिवाय कुणाला होत नसे. मालक पुढे, थोरली मागच्या सीटवर गाठोड्यांना चिकटून. भिंगरीनं सगळं यथासांग केलं, पण मोठ्या आईशी ती बोलली नाही. काम झालं, गाठोडी उतरली, आणि रिकाम्या गाडीतून तिघं परत निघाले. ऊन उतरायला लागलं होतं. गाडी एका लयीत, कुठेही धक्का न बसता चालली होती.

थोड्या वेळानं पुढच्या सीटवरून बारीक घोरणं ऐकू येऊ लागलं. मालकांची मान काचेला टेकली होती आणि ते गाढ झोपले होते.

भिंगरीनं एकदा तिकडे पाहिलं. "काका झोपले?" तिनं कुजबुजत विचारलं. कितीतरी दिवसांत तिनं थोरलीला विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

"झोपले," थोरली म्हणाली.

"माझ्या गाडीत?"

"तुझ्याच गाडीत."

भिंगरीनं एक वळण सावकाश पार केलं. मग रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "मोठी आई… मला आठवत होतं गं. आत कुठेतरी मला सारखं माहीत होतं. कुणीच काही म्हटलं नव्हतं. तू हॉस्पिटलात बोललीस आणि मला इतकं सुटल्यासारखं झालं, की मी तेच खरं धरून बसले. आणि वर तुलाच बोलले… काकांचा पाय कुणामुळे गेला म्हणून, तुलाच…"

तिचा आवाज फुटला. आरशात थोरलीला तिचे डोळे दिसले, काठोकाठ भरलेले.

"राहू दे बाळा, आता नको…"

पण भिंगरीनं मान हलवली. तिनं आरशात पाहिलं, बाजूला वळून पाहिलं, सिग्नल दिला, मागून येणाऱ्या रिक्षेला जाऊ दिलं, आणि गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली नेऊन उभी केली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. मगच तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि ती ढसाढसा रडू लागली.

थोरली मागून पुढे झुकली आणि तिनं त्या थरथरणाऱ्या खांद्यांना दोन्ही हातांनी कवेत घेतलं. "मोठी आई… मोठी आई…" एवढंच भिंगरी म्हणत होती, आणि थोरलीच्या आसवांनी पोरीचे केस भिजत होते.

मालक दचकून जागे झाले. "काय झालं? का थांबलो?"

"रडायचं होतं, काका," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं की रस्ता दिसत नाही. म्हणून बाजूला घेतली."

मालकांनी बाहेर पाहिलं. गाडी रस्त्यापासून व्यवस्थित आत उभी होती, मागचे दिवे लुकलुकत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुतणीच्या हातात दिला.

"मग रड बाई पोटभर," ते म्हणाले आणि मान पुन्हा काचेला टेकून त्यांनी डोळे मिटले. "निघालीस की सांग."